वाटेची शिदोरी

लांबच्या प्रवासाला पायी निघणाऱ्या माणसाची परीक्षा पहिले पाऊल टाकण्याच्याही आधी सुरू होते. घरात शिदोरी बांधतानाच ती सुरू होते. बरोबर किती घ्यावे आणि किती मागे ठेवावे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ. परंतु ज्याला आपले ओझे आपल्याच पाठीवर वाहावयाचे आहे, त्याला ह्याहून अवघड प्रश्न क्वचितच पडत असेल. अन्न कमी पडले तर पाय चालेनासे होतात; अन्न फार झाले तरी पाय चालेनासे होतात. पोटात गेलेला घास माणसाला पुढे नेतो, पण पाठीवरचा घास माणसालाच पुढे न्यावा लागतो.

ही परीक्षा दरवर्षी हजारो माणसांना जेथे द्यावी लागते, अशी एक वाट अमेरिकेच्या पूर्व भागात आहे. तेथे ॲपलाचियन नावाची प्राचीन पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरली आहे. तिच्या माथ्यावरून सलग एक पायवाट असावी, शहरातील दगदगीने शिणलेल्या माणसांनी त्या वाटेने चालावे आणि ताजेतवाने होऊन परतावे, अशी कल्पना बेंटन मकाय ह्या वनशास्त्रज्ञाने 1921 साली मांडली. पुष्कळ स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी झाडी तोडली, दगड रचले, झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा काढल्या, आणि 1937 साली ही वाट पुरी झाली. आज ती सुमारे 3,500 किलोमीटर लांब आहे. दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून निघून ती चौदा राज्ये ओलांडते आणि उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या शिखरावर संपते. वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. तीन बाजूंनी भिंती, वर छप्पर आणि चौथी बाजू उघडी, अशी त्यांची साधी रचना असते. तेथे रात्रीपुरता आसरा मिळतो. जेवण मात्र मिळत नाही. ते ज्याचे त्याने आणावयाचे असते.

आता थोडे गणित करून पाहावे. ही सारी वाट एका दमात चालणाऱ्यास साधारणपणे पाच ते सात महिने लागतात. पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, धरले तर रोज सरासरी तेवीस किलोमीटरांची मजल मारावी लागेल. डोंगर चढणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊण ते एक किलो कोरडे अन्न लागते. ते आठशे ग्रॅम मानले, तर दीडशे दिवसांचे अन्न एकशे वीस किलो भरते! एवढे ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढणे दूरच, ते जमिनीवरून उचलणेसुद्धा कठीण. तेव्हा सगळ्या वाटेची शिदोरी एकदम बांधणे कोणालाच शक्य नाही. मग ही वाट माणसे चालतात तरी कशी?

ती तुकड्यातुकड्यांनी चालतात. वाट जरी डोंगरमाथ्यावरून जात असली, तरी ठिकठिकाणी ती एखादी सडक ओलांडते, आणि त्या सडकेने गेले की थोड्या अंतरावर एखादे गाव लागते. काही ठिकाणी तर वाटच गावात उतरते. उत्तर कॅरोलायना राज्यातील हॉट स्प्रिंग्ज आणि व्हर्जिनिया राज्यातील डमॅस्कस ह्या गावांच्या मुख्य रस्त्यावरूनच ती गेली आहे. चार-पाच दिवस रानातून चालावे, गावात उतरावे, शिदोरी भरून घ्यावी आणि पुन्हा डोंगर चढावा, असा हा क्रम असतो. पुढचे गाव शंभर किलोमीटरांवर असेल, तर रोजच्या तेवीस किलोमीटरांप्रमाणे तेथे पाचव्या दिवशी पोहोचता येईल. पाच दिवसांचे अन्न चार किलो. वादळवाऱ्याने एक दिवस अडकून पडावे लागले तर म्हणून आणखी एका दिवसाचे अन्न. एकशे वीस किलोंचा डोंगर असा पाच किलोंच्या आत येतो.

हिशेब सोपा झाला खरा, पण माणूस म्हणजे पाटीवरचा आकडा नव्हे. पहिल्या आठवड्यात पायांना सवय नसते, त्यामुळे दिवसाची मजल बारा-पंधरा किलोमीटरांवरच थांबते. थकव्याने तोंडाची चव गेलेली असते आणि बरोबर घेतलेले अन्न संपत नाही. तोच माणूस महिन्याभराने वीस-पंचवीस किलोमीटर सहज चालू लागतो, आणि तेव्हा त्याची भूक अशी काही भडकते, की जेवण उरकून भांडे घासतानाच त्याला पुढच्या जेवणाची आठवण व्हावी. म्हणून घरी बसून केलेला हिशेब वाटेवर पुन्हापुन्हा तपासावा लागतो.

ह्या पहिल्या आठवड्याची गंमत जॉर्जियातच पाहावयास मिळते. प्रारंभापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर नील्स गॅप नावाची एक खिंड आहे. तेथील जुन्या दगडी इमारतीत वाटसरूंसाठी अनेक वर्षांपासून दुकान चालत आले आहे; पायवाट त्या इमारतीच्या आरपार जाते. तीन-चार दिवस चालून येथे पोहोचलेले किती तरी नवशिके आपली पिशवी उलटी करतात आणि नको झालेल्या वस्तू टपालाने घरी धाडून देतात. जाड पुस्तके, दुसरे पातेले, तिसरा सदरा, आठ दिवस पुरून उरेल एवढे खाद्य! घरून निघताना ह्यांतील प्रत्येक वस्तू अत्यावश्यक वाटलेली असते. पहिली पिशवी भीतीने भरलेली असते. दुसरी अनुभवाने भरली जाते, आणि म्हणूनच ती हलकी असते.

शिदोरी बांधण्याच्या ह्या विद्येत एका वृद्ध स्त्रीने जे करून दाखविले, ते ह्या वाटेवर आजही आदराने सांगितले जाते. एमा गेटवूड हे तिचे नाव. 1887 साली ओहायो राज्यात त्यांचा जन्म झाला. शेतावर राबून त्यांनी अकरा मुले वाढविली. मुले मार्गी लागल्यावर एका मासिकात त्यांनी ह्या वाटेविषयीचा लेख वाचला आणि ती चालून जाण्याचे मनाशी ठरविले. 1954 साली त्या मेन राज्यात गेल्या, कटाडिन पर्वत चढल्या आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाल्या. परंतु थोड्याच दिवसांत अरण्यात त्यांची वाट चुकली. चष्मा फुटला. जवळचे अन्न संपले. शिदोरी वाटेच्या हिशेबाने घेतलेली असते. चुकलेल्या वाटेचा हिशेब तीत नसतो. वनरक्षकांनी त्यांना घरी परत जाण्याचा सल्ला दिला. सासष्ट वर्षांच्या एमाबाई घरी परतल्या. हरलो असे त्यांनी मानले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता.

पुढच्याच वर्षी, 1955 सालच्या मे महिन्याच्या 3 तारखेस, त्या पुन्हा निघाल्या. आपण जरा चालायला जात आहो, एवढेच त्यांनी मुलांना सांगितले होते. ह्या खेपेस त्यांनी दक्षिणेकडून, जॉर्जियातून सुरुवात केली. त्या काळी वाटेचे दक्षिण टोक ऑगलथॉर्प डोंगरावर होते. 1958 साली ते स्प्रिंगर डोंगरावर आणण्यात आले. दक्षिणेकडून निघाल्यामुळे मेनचे निर्जन अरण्य आता अगदी शेवटी येणार होते. पहिल्या वेळी जी परीक्षा आरंभीच समोर आली होती, ती ह्या वेळी चार महिन्यांचा अनुभव गाठीशी बांधल्यावर यावयाची होती.

त्यांच्याजवळ चालण्यासाठी मुद्दाम बनविलेली महागडी पिशवी नव्हती. जाड कापडाची एक झोळी त्यांनी घरीच शिवली होती. ती एका खांद्यावर टाकून त्या चालत. पायांत साधे कापडी बूट. तंबू नाही, बिछाना नाही. पाऊस आला तर अंगावर घेण्यासाठी न्हाणीघरातील पाणी न झिरपणारा पडदा. खावयास मनुका, भुईमुगाचे दाणे, दुधाची भुकटी, सॉसेजचे लहान डबे आणि गरम पाण्यात विरघळवून कढण करता येईल अशा वड्या. थोडी औषधे, एक चाकू, एक विजेरी, एक वही. साऱ्याचे वजन आठ किलोंच्या आतच होते. मात्र ह्या इतक्या काटेकोर झोळीतही त्यांनी एक चौकड्यांचा झगा घडी घालून ठेवला होता. गावात कोणाच्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तर नीटनेटके दिसावे म्हणून! अन्नासाठी आणि आसऱ्यासाठी माणसांच्या दारात जावे लागणार, हे त्या ओळखून होत्या. आणि माणसांकडे जावयाचे तर त्यांचा मान राखून जावे, हेही त्या जाणत होत्या.

त्यांच्या झोळीतील जिनसांची निवड नीट पाहण्यासारखी आहे. दाणे आणि मनुका ह्यांत पाणी फार थोडे असते. ताज्या फळांत आणि भाज्यांत बराचसा भाग पाण्याचाच असतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाणी तर वाटेवर झऱ्यांना आणि ओढ्यांना मिळते. ते अन्नात भरून पाठीवरून कशाला न्यावयाचे? दुसरी गोष्ट अशी, की एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून शरीराला सुमारे चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून नऊ. भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. म्हणून मूठभर दाणे थोड्या वजनात पुष्कळ बळ देतात. आजचे वाटसरूही ओट, भात, शेवया, सुके मेवे, दाण्याचे लोणी असेच पदार्थ निवडतात. झऱ्याचे पाणी मात्र ते गाळून किंवा उकळून निर्जंतुक केल्यावाचून पीत नाहीत.

शिदोरी भरून घेण्याचे आज दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वाटेवरच्या गावी खरेदी करणे. दुसरा म्हणजे घरून निघण्यापूर्वीच खाद्याची पार्सले बांधून ठेवणे आणि ती वाटेवरील गावांच्या टपालकचेरीकडे पाठविण्याची व्यवस्था करणे. पार्सलावर वाटसरूचे नाव आणि तो कोणत्या सुमारास पोहोचेल ते लिहिलेले असते. टपालकचेरी ते काही दिवस जपून ठेवते आणि ओळख पटवून स्वाधीन करते. ही सोय मोठी खरी. पण तिच्यातही मेख आहे. टपालकचेरीला सुट्टी असते. शनिवारी दुपारी, दार बंद झाल्यावर अर्ध्या तासाने एखादा वाटसरू धापा टाकीत पोहोचला, तर सोमवार सकाळपर्यंत त्याची शिदोरी त्या बंद दाराच्या आत आणि तो बाहेर! दोन दिवसांच्या मुक्कामाचा खर्च करावा, की दुकानात मिळेल ते घेऊन पार्सल सोडून पुढे जावे? म्हणून चाणाक्ष वाटसरू किलोमीटर मोजतो तसे वारही मोजतो.

पार्सलांची दुसरी अडचण जिभेची. हिवाळ्यात घरी बसून एकाच चवीची चाळीस जेवणे बांधून ठेवली, तर वैशाखात, विसावे जेवण उघडतानाच, ते खाणे नकोसे होते. म्हणून जाणती माणसे मध्यममार्ग पत्करतात. गावात चांगले दुकान असेल तेथे खरेदी करावी. दुकान नसेल, किंवा प्रकृतीमुळे काही विशिष्ट अन्नच लागत असेल, तेथे पार्सल पाठवावे.

गाव म्हणजे नुसते दुकान नव्हे. तेथे पोटभर गरम जेवण मिळते, ताजी भाजी आणि फळे मिळतात, अंघोळ होते, कपडे धुतले जातात, घरच्या माणसांशी बोलता येते. एक किलोमीटरही न चालता विसाव्यात घालविलेल्या दिवसाला हे वाटसरू ‘शून्याचा दिवस’ म्हणतात. असा शून्याचा दिवस अधूनमधून हवाच; दुखरे पाय त्यानेच बरे होतात. परंतु शून्यापुढे शून्ये मांडीत गेले, तर बेरीज वाढत नाही. गादी मऊ असते, बाहेर पाऊस असतो, आणि एका रात्रीचा मुक्काम नकळत चार रात्रींचा होतो. गाठचे पैसे सरतात, हिवाळा जवळ येतो. सारी वाट एका दमात चालावयाची म्हणून जे निघतात, त्यांतील साधारण चारांपैकी एकच शेवटपर्यंत पोहोचतो. तेव्हा गावात शिरतानाच तेथून निघावयाची वेळ मनाशी ठरवून ठेवणे, हेही शिदोरीच्या हिशेबातच येते.

ह्या गावांत आणि निवाऱ्यांच्या आसपास एक सुंदर रीत पडून गेली आहे. धर्मशाळेत किंवा दुकानात एक पेटी ठेवलेली असते. ज्याच्याजवळ काही जास्त झाले असेल, त्याने ते त्या पेटीत ठेवावे; ज्याला उणे पडले असेल, त्याने ते घ्यावे. कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. एकाच्या पाठीला झालेले ओझे अशा रीतीने दुसऱ्याच्या पोटचा घास होते. दुसरी रीत काटेकोरपणाची आहे. रात्री अन्न अस्वलांच्या हाती लागणार नाही असे झाडाला उंच टांगावे किंवा भक्कम डब्यात बंद करावे, आणि रिकामी वेष्टने रानात न टाकता गावापर्यंत परत न्यावी. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुढे माणसांना भिईनासे होते, आणि अशा अस्वलाला बहुधा प्राणाला मुकावे लागते. निष्काळजीपणा वाटसरूचा, शिक्षा मात्र मुक्या जनावराला!

आणि हिशेब कितीही चोख असला, तरी निसर्ग तो कधी कधी पुसून टाकतो. 2024 सालच्या सप्टेंबर महिन्यात हेलीन नावाच्या चक्रीवादळाने ह्या पर्वतरांगेच्या दक्षिण भागात हाहाकार उडविला. ज्या हॉट स्प्रिंग्ज आणि डमॅस्कस ह्या गावांनी वर्षानुवर्षे वाटसरूंना जेवू घातले, त्यांच्याच रस्त्यांतून पुराचे पाणी वाहिले. वाटेवर असंख्य झाडे उन्मळून पडली. त्यानंतर अनेक स्वयंसेवक करवती घेऊन वाट मोकळी करण्यासाठी धावून गेले. नकाशावर गाव म्हणजे एक टिंब असते. तेथे घरे आहेत, माणसे आहेत, त्यांचीही सुखदुःखे आहेत, हे अशा वेळी लख्ख कळते.

एमाबाईंना ही गोष्ट पावलोपावली कळत गेली. त्यांनी वाटेतील रानफळे खाल्ली, पानांच्या ढिगावर झोप घेतली. अन्न संपले की त्या गावात उतरत, एखाद्या घराचे दार ठोठावीत. काही घरांनी त्यांना जेवू घातले, झोपावयास जागा दिली. काही घरांनी दार लावून घेतले. तेव्हा त्या मुकाट्याने पुढे गेल्या आणि मिळेल त्या आडोशाला रात्र काढली. मिळालेल्या घासाचा त्यांनी आनंद मानला आणि न मिळालेल्याचा राग धरला नाही.

अखेरीस ते निर्जन अरण्य आले. मेन राज्यातील मॉन्सन ह्या गावापासून उत्तरेस सुमारे एकशे साठ किलोमीटरांच्या ह्या टप्प्यात आजही एकही गाव लागत नाही. निदान दहा दिवसांचे अन्न बरोबर असल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये, अशी सूचना तेथे पाटीवर लिहिलेली आहे. दहा दिवसांचे अन्न म्हणजे आठ किलो. एमाबाईंची झोळी निघताना जेवढी भरली होती, तेवढे वजन एकट्या अन्नाचेच! साऱ्या वाटेत वजन कमी करावयास शिकलेल्या माणसाला येथे पुन्हा जड ओझे उचलावे लागते. हलके असणे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. पुढची वाट पाहून ओझे ठरविणे, हेच खरे शहाणपण.

1955 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या 25 तारखेस, निघाल्यापासून एकशे शेहेचाळिसाव्या दिवशी, एमाबाई कटाडिनच्या शिखरावर उभ्या राहिल्या. ह्याच पर्वतापासून गेल्या वर्षी त्या निघाल्या होत्या, आणि ह्याच्याच पायथ्याकडील अरण्यातून उपाशी परतल्या होत्या. सारी वाट एकटीने, एका दमात चालून जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढे 1957 साली त्यांनी ती वाट पुन्हा एकदा चालून काढली, आणि 1964 सालापर्यंत टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदा.

कटाडिनची शेवटची चढण सुमारे आठ किलोमीटरांची आहे. पुष्कळ वाटसरू त्या सकाळी आपली मोठी पिशवी पायथ्याशी वनरक्षकांच्या चौकीत ठेवतात आणि दुपारपुरते खाणे तेवढे बरोबर घेतात. ज्या वाटेसाठी एकशे वीस किलो अन्न लागले, तिच्या शेवटच्या दिवशी हातात एक लहानशी पुडी असते. मधले सारे अन्न ठिकठिकाणच्या दुकानदारांनी, टपालवाल्यांनी आणि दार उघडणाऱ्या अनोळखी माणसांनी थोडेथोडे हाती दिलेले असते. सगळ्या वाटेची शिदोरी कोणालाच एकदम बांधता येत नाही. ती पुढच्या गावापर्यंतची बांधावी. पण तेवढी मात्र नीट बांधावी.